द्राक्षाची सवय सफरचंदाला लावू नका : वाचकांचे प्रश्न, बागायतदारांची उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न द्राक्ष बागायतदारांच्या घरांतले आहेत. ठिबक, छाटणी, पेस्टिंग (डोळे फोडणाऱ्या औषधाचा लेप), शीतगृह हे सगळे या घरांना पाठ असते, आणि गफलत नेमकी तिथेच होते. वेलीची चाल वेगळी, सफरचंद-नासपतीच्या झाडाची वेगळी. द्राक्षाची सवय जिथे आड येते ती जागा उत्तरांत मुद्दाम दाखवली आहे.

प्रश्न : जुनी द्राक्षबाग काढल्यामुळे दीड एकर मोकळे आहे. मुलांना तिथे सगळे सफरचंदच लावायचे आहे. नर्सरीवाले सांगतात, ‘एचआरएमएन-९९’ ही जात हिमाचलात १,८०० फुटांवर तयार झाली, नाशिकची उंचीही तेवढीच, त्यामुळे थंडीची काळजी नको. हे खरे का? (दिंडोरी)

उंचीचा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा. हरिमन शर्मा यांनी ही जात बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी निवडली. ते गाव सुमारे १,८०० फुटांवर आहे आणि नाशिकही साधारण तेवढ्याच उंचीवर. पण बिलासपूर ३१ अंश अक्षांशावर आहे, नाशिक २० अंशांवर. उंची सारखी असली तरी अकरा अंश दक्षिणेला हिवाळा तोच राहत नाही.

सफरचंदाचे डोळे (कळ्या) नीट फुटायला हिवाळ्यात थंडी लागते, आणि ती तासांत मोजतात. झाड विश्रांतीत असताना तापमान ७ अंशांच्या खाली किती तास राहिले, याची ती बेरीज. रेड डेलिशियसला हजाराच्या आसपास तास लागतात. ॲना या इस्रायली जातीला २०० ते ३००, तर डॉर्सेट गोल्डनला त्याहून कमी, १०० ते १५० पुरतात. आता आपल्याकडचे बघा. निफाडला पारा ५ अंशांवर उतरला की बातमी होते, पण ती थंडी पहाटेची तीन-चार तासांची. अशा दहा रात्री मिळाल्या तरी ३०-४० तास होतात. तुमच्या बागेत हवामान केंद्र असेल, तर १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारीची तासागणिक नोंद काढा आणि ७ अंशांखालचे तास स्वतः मोजा. रोपे घेण्याआधी करायचे पहिले काम हेच.

मग आपल्याकडच्या काही झाडांना फुले येतात ती कशी? झाड गाढ झोपेत जाण्याआधीच त्याला उठवता येते. इंडोनेशियात पूर्व जावाच्या बातू भागात विषुववृत्ताजवळ सफरचंद घेतात ते याच युक्तीवर. फळे तोडली की थोड्याच दिवसांत हाताने सगळी पाने काढतात, डोळे लगेच फुटतात, आणि वर्षात दोन पिकेही निघतात. नाशिकला याचा सोपा अवतार असा : नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करा, डिसेंबरच्या मध्यात उरलेली पाने हाताने ओरबाडा (डोळ्याला इजा होऊ देऊ नका), फांद्या सुतळीने बांधून आडव्या करा आणि मग पाणी सुरू करा. फांदी उभी राहिली तर फक्त शेंड्याचे डोळे फुटतात, खालचे झोपेतच राहतात आणि लाकूड उघडे पडते. आडव्या फांदीवर फूट सारखी येते. जानेवारी-फेब्रुवारीत फुले, मे-जूनमध्ये फळ. तरीही फुलोरा महिनाभर रेंगाळतो, म्हणून तोडणी चार-पाच वेळा करावी लागते. हे गृहीत धरूनच मजुरीचा हिशेब मांडा.

आमचे स्पष्ट मत : दीड एकर लावू नका. १० गुंठे घ्या. १२ बाय १० फुटांवर ९० झाडे बसतात : ५० ॲना, २० डॉर्सेट गोल्डन, २० एचआरएमएन-९९. ॲनाला परागासाठी दुसरी जात लागतेच, आणि डॉर्सेट तिच्याबरोबर फुलते. म्हणून डॉर्सेट एका कोपऱ्यात न लावता प्रत्येक ओळीत विखरून लावा. फुले दहा टक्के उमलली की मधमाश्यांची एक-दोन खोकी आत ठेवा, आणि ती असेपर्यंत कीटकनाशक फवारू नका. बाकीच्या सव्वा एकरात जे पीक तुम्हाला येते तेच घ्या. चार वर्षांनी स्वतःच्या वहीतले आकडे बघून पुढचे ठरवा.

प्रश्न : दोन वर्षांची झाडे आहेत. शेंड्याची पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. फेरस सल्फेट जमिनीतून तीनदा दिले, फवारलेही. आठ दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. गंधक टाकून जमीन सुधारेल का? (निफाड)

कोवळी पाने आधी पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, ही लोहाची कमतरता. (खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असती तर नत्र किंवा मॅग्नेशियमचा विचार केला असता.) पण जमिनीत लोह नाही असे नाही, ते मुळांना उचलता येत नाही. कारण चुनखडी. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. चरचर फेस आला तर चुना आहे. नेमके प्रमाण प्रयोगशाळेतून घ्या, आणि नुसत्या सामूवर (पीएचवर) थांबू नका, ‘मुक्त चुना’ हा तपास मुद्दाम मागा. पाच टक्क्यांच्या पुढे सावध व्हा. दहाच्या पुढे असेल तर त्या जमिनीत सफरचंद लावूच नये असे आम्ही सांगतो.

फेरस सल्फेट अशा मातीत पडले की त्यातल्या लोहाचा काही दिवसांत गंज होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. फवारणीने पानावर हिरवे ठिपके येतात, पण लोह पानातून पुढे सरकत नाही, म्हणून नवी फूट पुन्हा पिवळीच निघते.

गंधकाचा हिशेब करून बघा. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचे वजन धरा ९ लाख किलो. चुना ५ टक्के असेल तर तो झाला ४५ हजार किलो. १०० किलो चुना विरघळवायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एकरी १४ हजार किलोंहून जास्त. दोन-चार पोती टाकून जमीन बदलत नाही. ज्या दुकानातून ती पोती आली तिथे हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही, याचे वाईट वाटते.

उपाय चिलेटेड लोहाचा (मुळांना उचलता यावे म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेल्या लोहाचा), पण कोणते चिलेट ते बघून घ्या. ‘ईडीटीए’ स्वस्त असते, मात्र सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोह सोडून देते. आपल्या जमिनी साडेसात ते साडेआठच्या. तिथे ‘ईडीडीएचए’ हेच टिकते. सहा टक्के लोहाचे ईडीडीएचए दोन वर्षांच्या झाडाला १५ ते २० ग्रॅम, पाण्यात विरघळवून संध्याकाळी ठिबकच्या ओल्या जागेत द्या. उन्हात उघडे राहिले तर ते बिघडते. नवी फूट सुरू होताना एकदा, दीड महिन्याने दुसऱ्यांदा. फवारणी करायचीच असेल तर लिटरला ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आणि तीही फक्त आधार म्हणून.

दुसरे, पाणी कमी करा. झाड पिवळे दिसले की पाणी वाढवायचे ही चूक फार घरांत होते. चुनखडीच्या ओल्याचिंब मातीत बायकार्बोनेट वाढते आणि लोह आणखी अडते. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर द्राक्षाला ज्या पद्धतीने ठिबकमधून ॲसिड सोडता तीच पद्धत इथे चालेल.

नवी लागवड करणाऱ्यांनी खुंटाची (ज्याच्यावर कलम बांधतात त्या मुळाकडच्या झाडाची) चौकशी आधी करावी. एमएम-१११ हा खुंट ताण सोसतो आणि लोकरी मावा या किडीला सहसा दाद देत नाही. एमएम-१०६ काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत बुंध्याच्या कुजीने जातो. एम-९ ला कायम तारेचा आधार लागतो. गादी दीड-दोन फूट उंच करा आणि कलमाचा जोड मातीच्या वर निदान चार-सहा इंच ठेवा. जोड मातीत गाडला गेला तर कलमाच्या भागालाच मुळ्या फुटतात आणि खुंटाचे पैसे वाया जातात.

प्रश्न : लावून सव्वा वर्ष झाले आणि झाडाला वीस-पंचवीस फळे धरली. ठेवावीत का? (चांदवड)

सगळी काढा. मन होत नाही, हे कळते. पण हाताच्या अंगठ्याएवढे खोड पंचवीस फळे पोसायला निघाले की फांद्यांचा सांगाडाच उभा राहत नाही. तिसऱ्या वर्षी पाच-दहा फळे ठेवा. पुढेही प्रत्येक झुपक्यात एकच फळ, दोन फळांत वीतभर अंतर, एका फळामागे ३०-४० पाने. ही विरळणी फळ सुपारीएवढे असतानाच करायची. उशीर झाला तर फळांतल्या बियांतून निघणारे जिबरेलिन हे संप्रेरक पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या अडवते आणि झाड एक वर्षाआड फळ देऊ लागते.

प्रश्न : नासपती आपल्याकडे येईल का? सफरचंदापेक्षा सोपी असे ऐकतो. (कळवण)

थंडीच्या बाबतीत थोडी सोपी आहे, धीराच्या बाबतीत अवघड. पत्थरनाख ही कडक, रवाळ जात पंजाबच्या मैदानात मुरलेली आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मऊ गराच्या ‘पंजाब ब्यूटी’सारख्या जातीही मैदानासाठी दिल्या आहेत. रेड डेलिशियसच्या मानाने यांना थंडी फारच कमी लागते. नासपती चुना आणि ओल सफरचंदापेक्षा जास्त सोसते, पण तो गुण खुंटाचा असतो. कैंथ या रानटी नासपतीवरचे कलम मागा. क्विन्स या दुसऱ्या खुंटावरचे कलम चुनखडीत पिवळे पडते.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, फळ धरायला पाच-सहा वर्षे जातात. दुसरी, पत्थरनाख पंजाबात जुलैत निघते. आपल्याकडे थोडी लवकर आली तरी तोडणी पावसातच. ओले फळ पेटीत भरले की देठाकडून कुजते. म्हणून शेडमध्ये पंख्याखाली पसरून कोरडे करण्याची सोय आधी हवी. कळवण-सुरगाण्याच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात तर ती नसेल तर लावूच नका.

छाटणीबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. द्राक्षात फळ नव्या फुटीवर येते, म्हणून दरवर्षी काडी आखूड करण्याची हाताला सवय. नासपती आणि सफरचंदात फळ येते ते मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या बोटभर, सुरकुतलेल्या काटक्यांवर. एकच काटकी अनेक वर्षे फळते. बागेत कात्री घेऊन शिरलेला सवयीचा मजूर त्या ‘वाळकुंड्या’ समजून साफ करतो, आणि झाड त्या वर्षी नुसतेच वाढते. छाटणीआधी अशा काटक्यांना चुन्याचा ठिपका लावून मजुरांना दाखवा. काढायचे ते फक्त सुकलेले, एकमेकांवर घासणारे आणि सरळ आभाळात जाणारे. नासपती जात्याच उभी वाढते. पहिल्या तीन वर्षांत फांद्या खोडापासून ५०-६० अंशांवर ताणून बांधल्या नाहीत तर नंतर फांदी वाकत नाही, मोडते.

प्रश्न : द्राक्षाचे हायड्रोजन सायनामाइड शिल्लक आहे. सफरचंदाचे डोळे फोडायला वापरू का? (निफाड)

नको. डब्यावरच्या लेबलात सफरचंद लिहिलेले नसेल तर ते त्या पिकासाठी नाही. शिवाय सफरचंदाचा डोळा फुगू लागल्यावर ते लागले तर कळी जळते, आणि आपल्याकडे सगळे डोळे एका वेळी एकाच अवस्थेत नसतात. म्हणजे काही जळणारच. हे औषध हाताळणाऱ्याने आधी दोन दिवस आणि नंतर आठवडाभर दारूचा थेंबही घेऊ नये. रक्तदाब एकदम उतरतो, श्वास अडतो, जीव धोक्यात येतो. मजुरांना हे दरवर्षी नव्याने, समोर बसवून सांगा. उरलेले औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये निम्मी फळे गळतात. राहिलेल्यांवर पश्चिमेच्या बाजूने तपकिरी डाग येतात. पाणी किती द्यावे? (सटाणा)

गळालेली दहा फळे आडवी कापा आणि बिया मोजा. सफरचंदात पाच कप्पे असतात, प्रत्येकात साधारण दोन बिया. दोन-तीनच बिया असतील आणि फळ एका बाजूला चेपलेले असेल, तर दोष परागीभवनाचा आहे, पाण्याचा नाही. बिया पुरेशा असूनही फळ गळत असेल तर पाणी आणि फळांची गर्दी तपासा. आत अळी दिसली तर फळमाशी. गळालेली फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरा, आणि एकरी चार-पाच मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे लावा.

तपकिरी डाग उन्हाचे. हवा ३९-४० अंशांवर गेली की पश्चिमेकडच्या सालीचे तापमान ४६ च्या पुढे जाते आणि साल भाजते. मार्चनंतर त्या बाजूची पाने काढू नका. पांढरी नेट सर्वांत खात्रीची. ती परवडत नसेल तर केओलिन (पांढरी माती) लिटरला ४० ग्रॅम, मार्चअखेरीपासून पंधरा दिवसांनी. पाऊस पडला तर पुन्हा. खोडाला चुना लावा, भाजलेल्या सालीत खोडकिडा शिरतो.

पाण्याचे गणित : झाडाचा घेर दोन मीटर व्यासाचा असेल तर सावलीचे क्षेत्र ३.१४ चौरस मीटर. मे महिन्यात रोजचे बाष्पीभवन १० मिलिमीटर धरले आणि त्याचे ५५-६० टक्के घेतले, तर रोज सुमारे १८ लिटर. ताशी चार लिटरचे चार ड्रिपर असतील तर सव्वा तासाच्या आत काम होते. ड्रिपर बुंध्याला चिकटवू नका, दीड-दोन फूट लांब ठेवा. वर चार इंच उसाचे पाचट. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी दिले की फळ तडकते आणि गळ वाढते.

प्रश्न : आमचे द्राक्षाचे शीतगृह एप्रिलनंतर रिकामे असते. घरची थोडी फळे आणि काश्मीरचा विकत माल ठेवून धंदा करता येईल का? (पिंपळगाव बसवंत)

करता येईल, पण खोली आधी धुवा. द्राक्षाच्या पेटीतल्या कागदातून निघणारा सल्फर डायऑक्साइड भिंतीत, क्रेटमध्ये, कॉइलवर राहतो आणि सफरचंदाच्या सालीवर पांढुरके चट्टे पाडतो. दारे उघडून दोन-तीन दिवस पंखे चालवा, क्रेट धुऊन उन्हात वाळवा. द्राक्षे आणि सफरचंद एका खोलीत कधीच नाही. कांदा तर शेजारच्या खोलीतही नको, वास सफरचंद आणि नासपती दोघांना लागतो.

तापमान शून्य ते एक अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. रोज खोलीच्या क्षमतेच्या दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त गरम माल आत घेऊ नका. यंत्र दमते आणि आधीचा मालही कोमट होतो. थप्पी भिंतीपासून अर्धा फूट लांब. काश्मीरचा चांगला डेलिशियस साध्या शीतगृहात चार-पाच महिने राहतो. घरच्या ॲनाची मात्र त्याच्याशी तुलना नाही. ते काही आठवड्यांत भुसभुशीत होते, म्हणून ते साठवायचे नाही, विकायचे. नियंत्रित वातावरणाची खोली ही वेगळी गोष्ट आहे. तिथे प्राणवायू २-३ टक्क्यांवर आणतात, त्यासाठी भिंती वायुबंद लागतात, आणि आत गेलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. यंत्र विकणाऱ्याच्या सांगण्यावरून जुन्या खोलीत तो खटाटोप करू नका.

वह्या दोन ठेवा. घरच्या फळाचे उत्पन्न शेतीचे, विकत आणून विकलेल्या मालाचा नफा व्यापाराचा, आणि त्यावर कर लागतो. एकाच बिलबुकात दोन्ही मिसळले की शेतीचे उत्पन्नही सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ. मी शेतावर, धाकटा पुण्यात नोकरीला. लागवडीचे पैसे त्याचे. हिस्सा कसा ठरवावा, आणि फळ कुठे विकावे? (निफाड)

‘निम्मे-निम्मे’ ऐकायला गोड, पण पाचव्या वर्षी भांडण त्यातूनच उठते. क्रम असा लावा : आधी बागेचा खर्च. मग शेतावर राबणाऱ्याची मजुरी, तुमची आणि तुमच्या पत्नीचीही, गावातल्या दराने, महिन्याच्या महिन्याला लिहून. मग धाकट्याने घातलेल्या पैशांचे ठरलेले व्याज. मग पुढच्या वर्षासाठी राखीव. उरले त्याचे जमिनीच्या हिश्श्याप्रमाणे वाटप. पहिली चार वर्षे वाटायला काही नसेल, तेव्हाही मजुरी वहीत जमा होत राहिली पाहिजे.

ही झाडे वीस वर्षे उभी राहणार. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते आधी बघा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा हक्क भावांइतकाच आहे. बहीण असेल तर तिला विचारून, लेखी ठरवून मगच खड्डे घ्या. ई-पीक पाहणीत सफरचंद हीच नोंद करा, नाहीतर गारपीट झाली की पंचनाम्यात जुनी द्राक्षेच निघतील. पुढे कलमे बांधून विकायची झाली तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे फळरोपवाटिकेचा परवाना लागतो.

विक्रीचेही तुम्हीच विचारले आहे. २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक आहे. एका तोडणीत शंभर-दीडशे किलो निघतात, तेवढ्यासाठी पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलावाला उभे राहण्यात अर्थ नाही. दोन-पाच किलोच्या पेट्या, वजनाने निवडलेल्या, ओळखीच्या गिऱ्हाइकांना तोडणीच्या दुसऱ्या दिवशी पोहोचवा. पेटीवर ‘नाशिक’ आणि तोडणीची तारीख लिहा. शिमल्याचे नाव घालू नका. मे-जूनमध्ये दुकानात असतो तो गेल्या हंगामाचा साठवलेला किंवा परदेशी माल. तुमच्या फळाची किंमत त्याच्या ताजेपणात आहे.

प्रश्न : फळ लाल झाले की तोडतो, पण खाताना पिठूळ लागते किंवा तुरट. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजणाऱ्या यंत्रावर) ब्रिक्स ११-१२ दाखवतो. नेमके कधी तोडावे? (ओझर)

द्राक्षात ब्रिक्स पाहून निर्णय होतो. सफरचंदात ब्रिक्स अर्धीच गोष्ट सांगतो, कारण तोडल्यानंतरही गरातल्या पिठाची साखर होत राहते. रंगावरही जाऊ नका, ॲना पिकण्याआधीच लाल होते. पिठाची परीक्षा घरी होते. ८.८ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, त्यात २.२ ग्रॅम आयोडीनचे खडे घाला, पूर्ण विरघळले की पाणी घालून एक लिटर करा. काळ्या बाटलीत ठेवा, दर हंगामाला नवे करा.

वेगवेगळ्या झाडांवरची दहा फळे घ्या, सगळी उन्हाच्या बाजूची नकोत. आडवी कापून फोडीचा चेहरा मिनिटभर द्रावणात बुडवा. पीठ असेल तिथे निळे-काळे होते, साखर झालेली जागा पांढरी राहते. सगळे काळे म्हणजे कच्चे, तुरट. गाभा पांढरा आणि निम्मा गर काळा, तर आठवडाभर थांबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तोडा. तीन हिस्से पांढरे, एक हिस्सा काळा, तर उद्याच खाणाऱ्यासाठी. सगळे पांढरे झाले असेल तर उशीर झाला, पिठूळपणा तिथूनच येतो. मे महिन्यात ही परीक्षा दर तीन दिवसांनी करा, उन्हात फळ झपाट्याने पुढे जाते. आयोडीन लागलेल्या फोडी विषारी असतात. गुरांपुढे टाकू नका, खड्ड्यात पुरा.